कंबरदुखीचे यंत्र : बरे वाटले, पण बरे झाले का?



गेल्या वर्षीच्या वर्षावासातली गोष्ट. नरखेड तालुक्यातल्या एका वस्तीच्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन झाले की आरोग्याच्या चार गोष्टी सांगाव्या म्हणून आम्ही गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, वाचन सुरू झाले आणि थोड्याच वेळात एकेक बाई मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली. दिवसभर निंदणाला वाकून आलेल्या या बायका. अर्धा तास मांडी घालून बसणेही त्यांच्याने होत नव्हते.

“सिस्टर, कंबर लय दुखून राहिली वो. झोपलं तरी दुखते, बसलं तरी दुखते,” एक आजी म्हणाली. तिच्या शेजारची सून लगेच बोलली, “उद्या मशीनवाले येऊन राहिले ना समाजमंदिरात. गोळी नाही, सुई नाही म्हणते. नुसतं लावलं का दुखणं गायब!”

दुसऱ्या दिवशी मशीनवाले खरेच आले. हातात मावेल असा डबा, त्याला दोन वायरी, वायरीच्या टोकाला चिकटणाऱ्या पट्ट्या. पट्ट्या कंबरेला लावायच्या, बटन फिरवायचे, मुंग्या आल्यासारखे वाटते. सोबत लोहचुंबकाचा पट्टा फुकट. ते म्हणाले, “या मशीनची चाचणी चालू आहे. चाचणीसाठी तुमच्या गावाची निवड झाली. म्हणून तुम्हाला अर्ध्या किमतीत, फक्त साडेचार हजारात.” इंग्रजीत छापलेला एक कागद होता. त्यावर सही किंवा अंगठा घेतला, आधार कार्डाची झेरॉक्स घेतली.

आम्हीही त्या खुर्चीवर बसलो. दवाखान्यात पेशंट उचलून-उचलून आमचीही कंबर गेलेलीच आहे. पंधरा मिनिटांनी उठलो तेव्हा कंबर हलकी वाटली आणि आम्ही बोलून गेलो, “बरं वाटलं.” एवढेच दोन शब्द. पण ते नर्सबाईचे शब्द होते. त्या संध्याकाळी सहा घरांनी मशीन घेतली. चौघींनी बचत गटातून कर्ज काढले.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पाच मशीन फळीवर पडून होत्या. सहावी चालू होती. ती घेणारी ताई रोज दोन वेळा मशीन लावत होती आणि रोज संध्याकाळी तिला बारीक ताप येत होता. वजन उतरले होते. रात्री कंबर इतकी दुखायची की कूस बदलता येत नव्हती. “मशीन लावली का घडीभर बरं वाटते,” ती म्हणाली. डावा पाय जड पडू लागला तेव्हा तिला ऐंशीएक किलोमीटरवर नागपूरला न्यावे लागले. निदान झाले मणक्याच्या टीबीचे. औषध सुरू झाले, आज ती चालते-फिरते. तिने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. पण ते दोन महिने आमच्या मनातून जात नाहीत. म्हणून हा लेख.

यंत्र करते तरी काय?

अशा यंत्राला ‘टेन्स’ म्हणतात. कातडीवरून नसांना हलका विजेचा प्रवाह द्यायचा, हे त्याचे काम. त्यामागचा विचार काही जादूटोण्याचा नाही. कोपर आपटले की आपण आपोआप ते चोळतो आणि चोळल्याने दुखणे थोडे कमी वाटते. असे का होते, याचा सिद्धांत रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली मांडला. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. दुखण्याचा निरोप त्या फाटकातून मेंदूकडे जातो. स्पर्शाचे, चोळण्याचे निरोप त्याच वेळी गर्दी करून आले की दुखण्याच्या निरोपासाठी फाटक थोडे लोटले जाते. टेन्सचे यंत्र याच विचारावर बनले.

म्हणजे मशीन लावलेली असताना आम्हाला बरे वाटले, हे खोटे नव्हते. पण विचार पटण्यासारखा असणे वेगळे आणि महिनोन्‌महिने जुने दुखणे त्याने हटणे वेगळे. ते कसे तपासायचे?

लाकडाच्या कांड्या

सव्वादोनशे वर्षांपूर्वीची एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एलिशा पर्किन्स नावाच्या डॉक्टरने १७९६ साली धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. दुखऱ्या जागेवरून त्या ओढल्या की दुखणे निघून जाते, असा त्याचा दावा. तेव्हाचे हे बिनऔषधी यंत्रच. अमेरिकेत आणि इंग्लंडात कांड्या धडाक्याने विकल्या गेल्या. बरे वाटलेल्या लोकांची पत्रे छापली गेली.

इंग्लंडातल्या बाथ गावी जॉन हेगार्थ नावाच्या डॉक्टरने १७९९ साली साधी युक्ती केली. त्याने लाकडाच्या कांड्या बनवल्या आणि धातूसारख्या दिसाव्या म्हणून रंगवल्या. सांधेदुखीच्या पाच रुग्णांवर त्या ओढल्या. पाचपैकी चौघांनी सांगितले की आराम पडला! दुसऱ्या दिवशी धातूच्या कांड्या वापरल्या, तरी निकाल तसाच. म्हणजे आराम धातूने नव्हता. तो विश्वासाने होता, कोणीतरी आपुलकीने लक्ष दिल्याने होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कंबरदुखी कमी-जास्त होत असते. माणूस पैसे मोडून मशीन केव्हा घेतो? दुखणे अगदी असह्य होते तेव्हा. त्यानंतर ते थोडे उतरणारच असते. मशीन घेतली नसती तरी उतरले असते. पण श्रेय मशीनला जाते. गंडा-दोऱ्याचेही असेच होते. ताप उतरायच्या वेळी दोरा बांधला की दोऱ्याने ताप उतरला असे वाटते. दोरा आपण सोडला, पण दोऱ्याला पावणारे मन मशीनला पावू नये, याची काळजी घेतली पाहिजे.

खरी चाचणी अशी असते

अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेन्सची चाचणी केली. ती १९९० साली प्रसिद्ध झाली. जुनी कंबरदुखी असलेले १४५ लोक घेतले. कोणाला कुठले यंत्र मिळणार, हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरले. निम्म्यांना खरे टेन्स, निम्म्यांना हुबेहूब तसेच दिसणारे पण प्रवाह नसलेले खोटे यंत्र. दोन्हीकडच्या निम्म्या लोकांना सोबत व्यायामही दिला. महिनाभराने दुखण्यातली सुधारणा मोजली. खऱ्या यंत्राने ४७ टक्के, खोट्या यंत्राने ४२ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून तो खरा फरक मानला जात नाही. ज्यांनी व्यायाम केला त्यांचे दुखणे मात्र व्यायाम न केलेल्यांपेक्षा कमी झाले होते. पण चाचणी संपल्यावर दोन महिन्यांत बहुतेकांनी व्यायाम सोडला आणि त्यांचा फायदाही गेला.

या आकड्यांकडे नीट पाहा. खोट्या यंत्रानेही ४२ टक्के सुधारणा दिसली. आम्ही समाजमंदिरात पंधरा मिनिटांत “बरं वाटलं” म्हणालो, त्याची किंमत इथे कळते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात टेन्स, कंबरेचे पट्टे आणि वजन लावून कंबर ताणणे, हे नेहमीच्या उपचारात देऊ नये असे म्हटले आहे. व्यायाम, आजाराची नीट माहिती, मनाला आधार देणारे उपचार आणि मालिश, यांना जागा दिली आहे. याच संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती.

सगळीच यंत्रे फोल असतात, असे आमचे म्हणणे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने कंबरदुखीसाठी डोळ्यांवर लावायच्या एका यंत्राला मान्यता दिली. त्यात चित्रे दिसतात आणि श्वास, लक्ष, दुखण्याविषयीची भीती यांचे शिक्षण दिले जाते. १७९ लोकांवर आठ आठवडे चाचणी झाली. खरे यंत्र मिळालेल्यांपैकी ६६ टक्के लोकांचे दुखणे ३० टक्क्यांहून जास्त कमी झाले. नुसती साधी दृश्ये दाखवणारे तसेच यंत्र मिळालेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होते. इथे खऱ्या-खोट्यात फरक दिसला, म्हणून मान्यता मिळाली. तुलना केली म्हणूनच तो फरक कळला.

कालामांचा प्रश्न

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, एकेक गुरू येतो, आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू थोर आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा, असा त्या उपदेशाचा गाभा. आपल्या वाचकांना तो नव्याने सांगायला नको.

पण मशीनवालाही तेच म्हणतो: “माझं ऐकू नका, स्वतः बसून अनुभव घ्या.” इथे आपण फसतो. एकट्याचा पंधरा मिनिटांचा अनुभव म्हणजे तपासणी नव्हे. ज्यांना खरे यंत्र मिळाले आणि ज्यांना खोटे मिळाले, त्यांना शेजारी शेजारी ठेवून पाहणे म्हणजे तपासणी. म्हणून यापुढे कोणी यंत्र, पट्टा, गादी, ब्रेसलेट घेऊन वस्तीत आला तर त्याला एकच प्रश्न विचारा: “भाऊ, खोट्या यंत्राशी तुलना करून पाहिली का? किती लोकांवर? किती महिने?” उत्तर मिळेपर्यंत बचत गटाची पेटी उघडू नका.

कोणी खरेच चाचणी करायला आले तर

चाचणी वाईट नसते. चाचणीशिवाय कुठलेच औषध, कुठलेच यंत्र पुढे येणार नाही. आपल्या माणसांनीही त्यात भाग घ्यावा, नाहीतर आपल्या शरीराला, आपल्या कामाला काय लागू पडते ते कधी कळणार नाही. पण ती आपल्या हक्काने व्हावी.

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एका प्रकल्पात लस दिली गेली. परवानगीच्या कागदांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. प्रश्न लसीचा नव्हता, ती लस जगभर दिली जाते. प्रश्न संमतीचा होता. गरिबाला विचारायचे कशाला, या वृत्तीचा होता.

म्हणून हे विचारा :

– चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत आहे का? नोंदणी क्रमांक दाखवा. ही नोंदवही २००७ पासून आहे, आणि तिच्यातली नोंद कोणीही पाहू शकतो.
– कुठल्या नैतिकता समितीने परवानगी दिली?
– संमतीचा कागद मराठीत आहे का? वाचून दाखवा, समजावून सांगा, एक प्रत आम्हाला द्या.
– मध्येच सोडायचे असेल तर सोडता येईल का? त्याने आमचे दवाखान्यातले उपचार बंद तर होणार नाहीत ना?
– काही इजा झाली तर खर्च कोण करणार?

आणि सर्वांत सोपी ओळख : चाचणीत भाग घेणाऱ्याकडून चाचणीच्या यंत्राचे पैसे घेत नाहीत. ज्याने “चाचणी आहे” म्हणून साडेचार हजार मागितले, तो चाचणी करत नव्हता. तो विकत होता. हे आम्हाला त्याच दिवशी कळायला हवे होते.

यंत्र घ्यायचेच असेल तर पक्के बिल घ्या, डब्यावर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक पाहा. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात वैद्यकीय उपकरणे औषधांच्याच कायद्याखाली आली आहेत. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. छातीत पेसमेकर असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, फिट्स येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय विजेचे यंत्र लावू नये. साखरेच्या आजाराने कातडी बधिर झाली असेल तर गरम पट्ट्याने चटका बसलेला कळतही नाही.

मग कंबरेचे करायचे काय?

तीन महिन्यांहून जास्त काळ राहिलेल्या कंबरदुखीला जुनी कंबरदुखी म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत हाड मोडलेले नसते, नस तुटलेली नसते. एमआरआयमध्ये “गादी सरकली” असे येते, पण दुखत नसलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही तसे दिसते. त्यामुळे घाबरून अंथरूण धरू नका. पडून राहिल्याने स्नायू कमजोर होतात आणि दुखणे वाढते. दर आठवड्याला सुई टोचून घेणे, मेडिकलमधून गोळ्या आणून रोज खाणे, हेही थांबवा. दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात व्रण होतात, किडनी खराब होते.

पण ज्या बाईचे घर रोजीवर चालते तिला “व्यायाम करा” म्हटले की ती हसते. “दिवसभर वाकूनच तर राहतो सिस्टर, अजून कोणता व्यायाम?” तिचे बरोबर आहे. काम म्हणजे व्यायाम नव्हे. निंदणात कंबर तासन्‌तास एकाच बाजूला वाकलेली असते. व्यायामात ती सगळ्या बाजूंनी हलते आणि सुटी होते. रात्री चटईवर दहा मिनिटे पुरतात :

१. उताणे झोपून गुडघे दुमडा. एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाशी घ्या, दहा अंक मोजा, सोडा. मग दुसरा. पाच-पाच वेळा.
२. तसेच झोपून कंबरेची पोकळी जमिनीला दाबा, पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा.
३. पाय दुमडलेले ठेवून बूड वर उचला, थोडे थांबा, हळू खाली आणा. दहा वेळा.
४. हात आणि गुडघे टेकून रांगायच्या स्थितीत या. मांजरीसारखी पाठ वर करा, मग खाली सोडा. दहा वेळा.

पहिल्या आठवड्यात थोडे ओढल्यासारखे वाटेल, तेवढे चालते. कळ पायात उतरत असेल तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. नागपूरच्या मेडिकलमध्ये फिजिओथेरपी आहे. आणि अमेरिकेतल्या त्या चाचणीचा धडा विसरू नका, व्यायाम सोडला की फायदाही जातो. म्हणून एकटीने करू नका. विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे सगळ्यांनी मिळून करा. आमच्या त्या वस्तीत आता हे सुरू आहे.

हे दिसले तर यंत्र नाही, दवाखाना

– लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायातली ताकद जाणे. उशीर करू नका, १०८ ला फोन करा.
– संध्याकाळचा ताप, वजन उतरणे, रात्री जास्त दुखणे. मणक्याचा टीबी असू शकतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे, उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात.
– पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत.
– पूर्वी कॅन्सर झाला असेल तर नवी कंबरदुखी.
– अंग बाहेर येणे, अंगावरून वास येणारे पांढरे जाणे. लाजू नका, नर्सताईला सांगा.

कंबरेवर कोणाचे ओझे?

आपल्या तालुक्यात संत्रा आहे, कापूस आहे. संत्र्याचे भरलेले कॅरेट उचलून गाडीत चढवायचे, कंबरेला ओटी बांधून कापूस वेचायचा, घरी येऊन पाण्याचा गुंड उचलायचा. या कंबरेचे दुखणे फक्त कंबरेत नाही, ते कामात आहे. कुठलेही यंत्र ते काम बदलत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या मजुराचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली आली. मजुराचे शरीर झिजते, त्याला मर्यादा हवी, हा विचार त्यांनी सरकारात बसून चालवला. शेतातल्या आणि बागेतल्या मजुरापर्यंत तो विचार अजून पोचलेला नाही. तो पोचवायला आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. एक कॅरेट दोघांनी उचलायचे, कॅरेट काठोकाठ भरायचे नाही, दर तासाला पाच मिनिटे कंबर सरळ करायची, निंदणाला लांब दांड्याचे अवजार मागायचे. एकटीने मागितले तर मालक उद्या दुसरी आणतो. पूर्ण टोळीने मागितले तर ऐकावे लागते.

त्या सहापैकी चार मशीन आम्ही आणि बचत गटाच्या ताईंनी मिळून, तक्रार अर्ज टाकून परत केल्या. पैसे अर्धेच हाती आले. पण गटाने ठराव केला आहे : वस्तीत आरोग्याच्या नावाने काहीही विकायला आले तर आधी आशाताई किंवा नर्सताई कागद पाहील, मग गट ठरवेल. आमच्यासाठीही आम्ही एक नियम केला आहे. यापुढे “बरं वाटलं” एवढ्यावर आम्ही कोणाला काही घ्यायला सांगणार नाही.

आपापल्या विहारात हा ठराव घ्या. आणि आज रात्री चटई टाकून दहा मिनिटे कंबरेला द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!